कै. विजय मर्चंट यांचे जीवन व वारसा

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत एका हिंदू गिरणीमालकाचे आणि क्रिकेटपटूचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. प्रभूने शेजारधर्म शिकविताना दृष्टान्तासाठी परक्या समाजातला शोमरोनी मनुष्य निवडला, एवढे स्मरले म्हणजे तो प्रश्न उरत नाही. शिवाय रेवदंड्यापासून कोर्लईपर्यंत ओहोटीच्या वाळूवर ज्या मुलांना रविवारची मिस्सा आटोपताच चेंडूफळीवाचून दुसरे काही सुचत नाही, त्यांना हे नाव ठाऊक असावे.

विजय माधवजी ठाकरसी यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईतील एका सधन कुटुंबात झाला. शाळेत नाव लिहून घेताना कुटुंबाचा व्यापाराचा धंदाच आडनाव म्हणून नोंदला गेला आणि ते जन्मभराचे मर्चंट झाले, असे सांगतात. १९३२ साली भारतीय संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा देशाचे पुढारी तुरुंगात असताना आपण खेळावयास जाणे योग्य नव्हे, म्हणून त्यांनी त्या दौऱ्यास नकार दिला. वय अवघे विसाचे. एवढ्या लहान वयात एवढा मोठा लोभ सोडणे सोपे नव्हते. पुढे १९३६ साली मँचेस्टर येथे मुश्ताक अली यांच्यासह त्यांनी सलामीस २०३ धावांची भागी केली. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४ राहिली. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत त्यांच्यापुढे एकटे ब्रॅडमन आहेत. तरीही मध्ये महायुद्ध आल्यामुळे त्यांच्या वाट्यास कसोटी सामने दहाच आले.

आम्हा ख्रिस्ती वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटावा असा प्रसंग १९४३ सालचा. त्या काळी मुंबईत धर्मवार संघांचे पंचरंगी सामने होत. ख्रिस्ती, यहुदी इत्यादींचा संघ तो ‘इतरे जन’. या संघात सांगलीचे विजय हजारे हे मराठी ख्रिस्ती कुटुंबातील खेळाडू होते. त्यांनी उपान्त्य सामन्यात २४८ धावा केल्या. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या मर्चंटांनी नाबाद २५० काढून तो आकडा मागे टाकला. त्यावर हजाऱ्यांनी आपल्या संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ केल्या! सामना हिंदूंनीच एका डावाने जिंकला. परंतु लोकांच्या मुखी राहिला तो हजाऱ्यांचा डाव. थोड्याच आठवड्यांनी मर्चंटांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या. माणसांना धर्मावरून वाटून खेळविणारी ती स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली, हे बरेच झाले. त्यानंतर १९५१ साली दिल्लीस इंग्लंडविरुद्ध हेच दोघे एका संघातून खेळले. कर्णधार हजारे होते. चाळिशी गाठलेल्या मर्चंटांनी १५४ केल्या, हजाऱ्यांनी नाबाद १६४, आणि दोघांची भागी २११ धावांची झाली. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंटांचा खांदा दुखावला व त्यांचा खेळ संपला.

निवड समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी तरुणांस पुढे आणले. १९६९ साली गुंडाप्पा विश्वनाथ आणि एका जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर हे कसोटीत उतरले. १९७१ साली समितीची मते समसमान पडली असता मर्चंटांनी निर्णायक मत अजित वाडेकरांस दिले आणि पतौडींचे नेतृत्व गेले. १९४६ साली पतौडींच्या वडिलांना कर्णधारपद मिळाले व मर्चंट उपकर्णधार राहिले, त्याचा हा सूड, असे काहींनी म्हटले. अंतःकरण पाहणारा परमेश्वर एकटाच. मला मात्र तो आरोप पटत नाही. त्याच वर्षी संघ वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून परतला.

पुढे विविध भारतीवरील ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ या रविवारच्या कार्यक्रमाने त्यांचा आवाज घरोघर गेला. ज्यांनी त्यांची बॅट कधी पाहिली नव्हती, त्यांनाही ते आपले वाटू लागले. नभोवाणीचा एक गुण सहसा कोणी ध्यानात घेत नाही: तेथे आंधळा आणि डोळस एकाच बाकावर बसतात, धाव जशी एकास कळते तशीच दुसऱ्यास. मर्चंटांच्या बाबतीत हे केवळ कल्पनेचे बोलणे नव्हे. आपल्या गिरणीत त्यांनी अपंगांना कामे दिली, आणि भिक्षेऐवजी मजुरी मिळावी म्हणून अंधांच्या व अपंगांच्या संस्थांसाठी ते अखेरपर्यंत झटले. दया करणारे पुष्कळ असतात, पण पगारपत्रकावर नाव चढविणारे थोडे.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. सोळा वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या नावे खेळली जाते, आणि राज्याराज्यांतील एकदिवसीय सामन्यांचा करंडक हजाऱ्यांच्या नावाचा आहे.