न्यायमूर्ति रानडे आणि गावचे मुनसफ

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचे नाव आपल्या ज्ञातीत कोणास ठाऊक नाही? निफाडास दि. १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेल्या या थोर पुरुषाच्या एकाच, फारशा न वर्णिलेल्या कार्याविषयी आम्ही लिहितो.

१८७५ साली दख्खनच्या कुणब्यांनी सावकारांची खते जाळली. त्यावरून १८७९ चा शेतकरी साहाय्याचा कायदा झाला. पुणे, सातारा, नगर व सोलापूर जिल्ह्यांत दहा रुपयांपर्यंतचे दावे ऐकण्यास गावोगाव मुनसफ नेमण्यात आले. माणसे वजनदार खरी, परंतु कायदा शिकलेली नव्हेत. त्यांच्यासाठी शाळा नव्हती. दप्तरतपासणी हीच शाळा. ते काम १८८१ पासून साहाय्यक या नात्याने व १८८७ पासून मुख्य विशेष न्यायाधीश म्हणून माधवरावांनी गावोगाव फिरून केले. दुय्यम न्यायाधीशांसही नवे वळण लावावयाचे होते. कुळाने खत कबूल केले तरी व्यवहार मुळापासून उकलावा, मुद्दल व व्याज निरनिराळे काढावे, मगच हुकूमनामा द्यावा, असा तो कायदा होता. वह्या तपासण्यात जन्म गेलेल्या आम्हांस या कष्टांचे मोल कळते.

डिसेंबर १८९१ मध्ये सामाजिक परिषदेसाठी ते आपल्या नागपुरास आले, तेव्हा पुण्यात पंचहौद मिशनमधील चहावरून त्यांच्यावर ग्रामण्य चालू होते. १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्या ग्रामण्यात आपल्याच ज्ञातीचे लोक पुढे होते, हे या अंकात झाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पुढल्याच वर्षी ते मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले व त्याच पदावर असता दि. १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले.