इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर

इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर (१४ एप्रिल १८४० – १७ जुलै १९२४) या अमेरिकन कलासंग्राहक आणि बोस्टन येथील त्यांच्याच नावाच्या संग्रहालयाच्या संस्थापक होत. चित्रे जमविणारे धनिक त्या काळी अनेक होते. पण घराच्या भिंतींवर ती कशी लावावीत, याचा इतका विचार क्वचितच कोणी केला असेल.

न्यू यॉर्क येथे सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८६० मध्ये जॉन गार्डनर यांच्याशी विवाह होऊन त्या बोस्टनला आल्या. एकुलता एक मुलगा १८६५ मध्ये, वयाची दोन वर्षेही पूर्ण होण्याआधी दगावला. या आघातानंतर पती-पत्नींनी युरोपचा आणि पुढे भारतासह आशियाचा प्रवास केला. १८९१ मध्ये वडिलांची संपत्ती वारशाने मिळाल्यावर संग्रहाला वेग आला. १८९२ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्यांनी व्हरमेरचे ‘मैफल’ हे चित्र घेतले.

राहत्या घराच्या भिंती पुरेनाशा झाल्या. १८९८ मध्ये पती वारले, तरी त्यांनी व्हेनिसच्या प्रासादांच्या धर्तीवर नवी वास्तू उभारली. वरच्या मजल्यावर त्या स्वतः राहत; खालची दालने १९०३ मध्ये लोकांसाठी खुली झाली. मांडणी सर्वस्वी त्यांचीच होती. कालखंड किंवा देश यांनुसार वर्गवारी नाही, चित्रांशेजारी परिचयपट्ट्याही जवळजवळ नाहीत. अभ्यासकाची त्यामुळे अडचण होते, हे खरे. टिशियनच्या ‘युरोपाचे हरण’ या भव्य चित्राखाली त्यांनी स्वतःच्या पोशाखाचे रेशमी कापड भिंतीवर लावले. ‘मैफल’ भिंतीवर न टांगता खिडकीजवळच्या मेजावर ठेवले. चित्रातील प्रकाश डावीकडच्या खिडकीतून येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या जागेचे औचित्य पटते.

ही मांडणी कायम राहावी, अशी अट त्यांनी मृत्युपत्रात घातली. ती मोडल्यास संग्रह विकून येणारी रक्कम हार्वर्ड विद्यापीठाला द्यावी, असे त्यात नमूद होते. त्यामुळे २०१२ मध्ये विस्तार करताना स्वतंत्र इमारत बांधावी लागली.

१८ मार्च १९९० रोजी पहाटे पोलिसांच्या वेशात आलेल्या दोघांनी ‘मैफल’ व रेम्ब्रँटचे एकमेव सागरचित्र यांसह १३ कलाकृती चोरल्या. त्या सापडलेल्या नाहीत. रेम्ब्रँटच्या चित्राची रिकामी चौकट भिंतीवर मूळ जागीच टांगलेली आहे.