पंडिता रमाबाईंचे अश्रू

सुपा धरणाजवळील आमच्या गणेशगुडीभोवती रान आहे. याच सह्याद्रीत, येथून दक्षिणेस, गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व थोरली बहीण गेली. १८८० साली बंधू श्रीनिवास व १८८२ साली पतीही निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी मनाची तळमळ लगेच शमली नाही. खरी शांती लाभावयास सुमारे आठ वर्षे लागली.

१९२१ साली मनोरमाही गेली. कानांनी अधू झालेल्या त्या वृद्ध मातेने केडगावच्या मुक्तिसदनात पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

मंडळीत कोणी उदास दिसले, की त्याचा विश्वास कमी पडला असे आपण चटकन म्हणतो. रमाबाईंविषयी तसे म्हणवेल काय? अशा माणसाजवळ बसावे, त्याचे ऐकावे, गरज भासल्यास त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जावे, आणि प्रार्थना सोडू नये. रडणे पाप नव्हे, हे शब्बाथ शाळेतील मुलांनाही आपण सांगू या.