विश्लेषण : सासूची ‘खासगी’ सुनेच्या हाती… अहिल्याबाई होळकर घराण्याच्या प्रमुख कशा झाल्या?

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाईंचे जन्मगाव याच जिल्ह्यात आहे. घाट, मंदिरे आणि हातात शिवपिंडी घेतलेले चित्र सर्वांच्या ओळखीचे आहे. पण ज्या काळात विधवेला घरातही आवाज नव्हता, त्या काळात एक विधवा संस्थानाची कर्ती कशी झाली?

सासऱ्यांनी सती जाण्यापासून का रोखले?

चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांची ही मुलगी १७२५ मध्ये जन्मली. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा बालविवाह झाला. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा मल्हाररावांनी त्यांना विनवून थांबवले. यात केवळ माया नव्हती. मल्हारराव सतत मोहिमेवर असत आणि मागे हिशेब, रसद, वसुली सांभाळणारे विश्वासाचे माणूस त्यांना हवे होते. पुढची बारा वर्षे अहिल्याबाईंनी तेच काम केले. त्यांची खरी तालीम इथे झाली, राज्याभिषेकाने नव्हे.

वारस नसताना गादी कशी टिकली?

मल्हारराव १७६६ मध्ये गेले. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव यांना सुभेदारी मिळाली, पण वर्षभरातच तेही वारले. दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला. मूल लहान असले की कारभार दिवाणाकडे, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. राघोबादादांनीही या डावात उडी घेतली. अहिल्याबाईंनी इतर मराठा सरदारांकडे मदत मागितली आणि लढायची तयारी ठेवली. माधवराव पेशव्यांनी कौल त्यांच्या बाजूने दिला.

तडजोड अशी, की फौज तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार अहिल्याबाईंकडे. तुकोजी वयाने थोडे मोठेच होते, तरी ते त्यांना आई मानत. अर्थात मोहिमेच्या खर्चावरून या मायलेकरांत वर्षानुवर्षे कुरबुरी चालल्या. तुकोजी पैसे मागत, बाई हिशेब मागत.

मंदिरांसाठी पैसा कुठून आला?

याचे उत्तर ‘खासगी’ या शब्दात आहे. सरदारकीचे उत्पन्न ‘दौलत’ म्हणून फौजेवर खर्च होई. त्याखेरीज १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली होती, तिला खासगी म्हणत. १७६१ मध्ये गौतमाबाई गेल्या आणि ती सुनेकडे आली. म्हणजे सासूकडून सुनेकडे जाणारी, घरातल्या पुरुषाच्या हाताबाहेरची मालमत्ता! काशी विश्वनाथ, सोमनाथ, गया, वेरूळचे घृष्णेश्वर अशा ठिकाणची बांधकामे आणि दानधर्म मुख्यतः यातून झाले. त्यातली बरीच ठिकाणे होळकरांच्या राज्याबाहेर होती, म्हणून तिथे फौजेचा नाही तर खासगीचा पैसा गेला हे महत्त्वाचे. महेश्वरला राजधानी नेल्यावर त्यांनी विणकर वसवले, त्या साड्या आजही विकल्या जातात.

मुक्ताबाईंचे काय झाले?

या चरित्रातला सर्वांत अवघड भाग हा आहे. मुलगी मुक्ता हिचा विवाह त्यांनी यशवंतराव फणसे यांच्याशी लावून दिला. चोर-लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असा पण त्यांनी लावल्याची कथा सांगितली जाते. मुक्ताबाईंचा तरुण मुलगा आधी गेला, मग १७९१ मध्ये यशवंतराव. मुक्ताबाई सती निघाल्या. आईने पाया पडून विनवले, पण मुलगी ऐकेना. आता आपल्याला जगण्यासारखे काही उरले नाही, असे तिचे म्हणणे होते. सासऱ्याच्या शब्दाखातर जी बाई स्वतः चितेवरून परतली, तिला राज्याची मालकीण असूनही लेकीला परतवता आले नाही. सती बंद करण्याचा हुकूम त्यांनी काढला नव्हता, हेही नोंदवायला हवे.

मध्य भारतात जुन्या माणसांकडे चौकशी करून जॉन माल्कमने १८२३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानुसार अहिल्याबाई चितेजवळ उभ्या होत्या, दोघांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. पुढे लेक-जावयाचे स्मारक बांधले आणि पुन्हा कारभाराला बसल्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी तुकोजीही गेले आणि त्यांच्या मुलांत गादीसाठी लढाई जुंपली.