जेपींना दोन सरकारांनी सुरक्षेच्या नावाखाली तुरुंगात टाकलं, दुसऱ्या वेळी मात्र उत्तर मतदारांनी दिलं

२६ जून १९७५ ची पहाट. दिल्लीतल्या गांधी पीस फाउंडेशनमध्ये पोलीस आले आणि त्यांनी ७२ वर्षांच्या एका माणसाला झोपेतून उठवून ताब्यात घेतलं.

गुन्हा काय? गुन्हा सिद्ध करायची गरजच नव्हती. अंतर्गत सुरक्षेसाठी केलेला 'मिसा' नावाचा कायदा १९७१ पासून लागू होता. एखाद्या माणसापासून सुरक्षेला धोका आहे असं सरकारला वाटलं, तर खटला न चालवता त्याला डांबता येत होतं.

तो माणूस म्हणजे जयप्रकाश नारायण, सगळ्यांचे जेपी. विशेष म्हणजे सुरक्षेचं कारण सांगून त्यांना तुरुंगात टाकण्याची ही पहिली वेळ नव्हती. आधी इंग्रजांनी हेच केलं होतं. सरकार बदललं, कायद्याचं नाव बदललं, कारण तेच राहिलं. मग दोन्ही वेळांत फरक कशाचा होता?

अमेरिकेतून नाशिकच्या तुरुंगात

जेपींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा, बिहार आणि उत्तर प्रदेशच्या सीमेवरच्या सिताबदियारा गावातला. १९२२ मध्ये ते शिकायला अमेरिकेला गेले. खिशात पैसे नव्हते, म्हणून फळबागांत, कारखान्यांत आणि हॉटेलांत कामं करून त्यांनी शिक्षण पूर्ण केलं. १९२९ मध्ये परतले ते मार्क्सवादी होऊनच.

काँग्रेसच्या कामात उतरल्यावर १९३२ मध्ये त्यांना अटक झाली आणि नाशिकच्या तुरुंगात ठेवण्यात आलं. तिथं अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता अशा तरुणांशी त्यांची गाठ पडली. तुरुंगातल्या या चर्चांमधूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला.

इंग्रजांना त्यांची भीती का होती?

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारनं भारत संरक्षण नियम लागू केले. जमशेदपूरमध्ये युद्धाच्या विरोधात भाषण केलं म्हणून १९४० मध्ये जेपींना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. सुटले, तर पुन्हा पकडलं. या वेळी खटला नाही, थेट स्थानबद्धता. आधी राजपुतान्यातलं देवळी, मग हजारीबाग.

१९४२ च्या दिवाळीत, तुरुंगातले पहारेकरी सणाच्या गडबडीत असताना, जेपी आणि त्यांचे पाच साथीदार धोतरं एकमेकांना बांधून हजारीबागची भिंत उतरले. तिथून नेपाळच्या तराईत जाऊन त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. हा सशस्त्र गट होता. म्हणजे इंग्रज राजवटीला त्यांच्यापासून धोका होता हे खरंच आहे.

१९४३ मध्ये पंजाबात रेल्वेगाडीत ते पकडले गेले. लाहोरच्या किल्ल्यात त्यांना दिवसच्या दिवस झोपू न देता चौकशी केली गेली. सुटका झाली ती थेट एप्रिल १९४६ मध्ये.

आता इथं थोडं थांबा. या सगळ्याचा जाब कोण विचारणार होतं? व्हाइसरॉयला लोकांनी निवडलेलं नव्हतं. मतदानाचा हक्क मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्या मोजक्या लोकांनाच होता आणि त्या मतानं दिल्लीतलं सरकार हटवता येत नव्हतं. जेपींकडे भिंत उतरण्याचाच रस्ता उरला होता.

बंदूकवाल्यांशी बोलणारा माणूस

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत समाजवाद्यांना मोठं अपयश आलं. पुढे पक्षीय राजकारणावरून जेपींचं मन उडालं. १९५४ मध्ये बोधगयेला त्यांनी आपलं आयुष्य विनोबांच्या भूदान चळवळीला देऊन टाकलं.

पण देशाच्या सुरक्षेचे प्रश्न त्यांनी टाळले नाहीत. १९६४ मध्ये नागालँडच्या शांतता मिशनचे ते सदस्य होते आणि त्याच वर्षी तिथं शस्त्रसंधी झाली. १९७२ मध्ये चंबळच्या डाकूंनी त्यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. बंदूक हातात असलेल्या माणसाशी राज्याला कसं वागावं लागतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

१९७४ मध्ये महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्ध बिहारमधले विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी जेपींना नेतृत्व करायला बोलावलं. ५ जून १९७४ ला पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली.

आणीबाणी: सरकारचं म्हणणं काय होतं?

१२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं पंतप्रधान इंदिरा गांधींची रायबरेलीतली निवड रद्द केली. २५ जूनला रामलीला मैदानावरच्या सभेत जेपींनी पोलीस आणि सैन्याला बेकायदा आदेश न पाळण्याचं आवाहन केलं. त्याच रात्री अंतर्गत अशांततेचं कारण देऊन आणीबाणी लागू झाली.

सरकारचा युक्तिवाद असा होता की, सैन्याला असं आवाहन करणं म्हणजे देश अस्थिर करणं. हे आवाहन योग्य होतं का, यावर आजही वाद होतात. जेपींच्या बाजूच्या माणसालाही तो प्रश्न उडवून लावता येणार नाही.

पण एका भाषणामुळे धोका असेल, तर त्या भाषणावर खटला चालवता येतो. इथं त्याऐवजी वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली. नंतर नेमलेल्या शहा आयोगाच्या आकड्यांनुसार, मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून १ लाख १० हजारांहून जास्त लोकांना पकडण्यात आलं. हो, भारत संरक्षण नियम. जेपींना इंग्रजांनी लावले होते, त्याच नावाचे.

लोक न्यायालयात गेले. डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी हेबियस कॉर्पस याचिका ऐकता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं. पण २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध १ अशा बहुमतानं तो दरवाजाही बंद केला. विरोधात मत देणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना होते. पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश करण्यात आलं.

डायलिसिसवरचा प्रचार

चंदीगडला स्थानबद्ध असताना जेपींची प्रकृती ढासळली. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना सोडलं आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. उरलेलं आयुष्य ते डायलिसिसवर जगले.

तशाही अवस्थेत १९७६ मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी पीयूसीएल ही संघटना त्यांच्या पुढाकारानं उभी राहिली. तिची धुरा मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, सासवडचे वि. म. तारकुंडे यांनी सांभाळली.

लोकसभा निवडणूक खरं तर १९७६ मध्ये व्हायला हवी होती. ती दोनदा पुढे ढकलली गेली. अखेर १८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. जेपींनी विखुरलेल्या विरोधी पक्षांना एकत्र यायला लावलं आणि डायलिसिस सांभाळत सभा घेतल्या.

मार्चमध्ये १९ कोटींहून जास्त लोकांनी मतदान केलं. १९७१ मध्ये सुमारे ५५ टक्के मतदान झालं होतं, ते ६० टक्क्यांवर गेलं. उत्तर प्रदेशच्या ८५ आणि बिहारच्या ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी हरल्या. दक्षिणेत मात्र काँग्रेस टिकली, कारण तिथल्या मतदारांनी वेगळा कौल दिला.

२१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली. भिंत उतरावी लागली नाही.

त्या मतानं नेमकं काय बदललं?

फक्त सरकार बदललं असतं, तर ही गोष्ट अर्धीच राहिली असती. १९७८ मध्ये मिसा रद्द झाला आणि ४४ वी घटनादुरुस्ती आली. तिनं चार गोष्टी केल्या:

- 'अंतर्गत अशांतता' हे मोघम कारण काढून 'सशस्त्र उठाव' हे कारण घातलं.
- मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय आणीबाणी जाहीर करता येणार नाही.
- संसदेनं एका महिन्यात विशेष बहुमतानं मंजुरी द्यावी लागेल आणि पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा.
- जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही.

म्हणजे देशावर संकट आलं तर सरकारला जादा अधिकार मिळतात, पण ते मोजून आणि मुदतीनं. सुरक्षा आणि स्वातंत्र्य यांचा तोल म्हणतात तो हाच.

हा प्रश्न कायमचा सुटला असंही नाही. राज्यघटनेचं कलम २२ आजही प्रतिबंधक स्थानबद्धतेला परवानगी देतं आणि १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आलाच. सर्वोच्च न्यायालयानं १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवायला २०१७ उजाडलं.

जनता पक्षाचं सरकार भांडणांत पडलं. ८ ऑक्टोबर १९७९ ला जेपी पाटण्यात गेले. तीनच महिन्यांनी मतदारांनी इंदिरा गांधींना पुन्हा मोठ्या बहुमतानं सत्तेवर आणलं. ज्यांना १९७७ मध्ये घरी बसवलं त्यांनाच परत बोलावण्याचा हक्कही मतदारांचाच होता. पण या वेळी इंदिरा गांधींना १९७५ चे अधिकार परत मिळाले नाहीत. आधीच्या मतानं घातलेलं कुलूप तसंच होतं आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक सरकारला ते लागू आहे.