कनू गांधी

कनू गांधी (१९१७ – २० फेब्रुवारी १९८६) हे भारतीय छायाचित्रकार होते. महात्मा गांधींचे पुतणे नारणदास गांधी यांचे ते पुत्र. गांधींच्या अखेरच्या दशकातील, विशेषतः वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमातील दैनंदिन जीवनाची छायाचित्रे त्यांनी टिपली. गांधींचे नातू व शास्त्रज्ञ कनू रामदास गांधी हे वेगळे.

सेवाग्राम येथे ते गांधींच्या पत्रव्यवहाराचे व हिशेबाचे काम पाहत. छायाचित्रणाची सूचना विनोबा भावे यांचे बंधू शिवाजी भावे यांनी केली. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून रोलाइफ्लेक्स कॅमेरा व फिल्म घेण्यात आली. गांधींनी तीन अटी घातल्या : प्रकाशझोत वापरायचा नाही, कोणाला मुद्दाम बसवायचे नाही आणि खर्च आश्रमावर टाकायचा नाही.

पहिल्या अटीमुळे कुटीतील अंधुक उजेडात सारा भार भिंगावर पडे. त्या काळच्या रोलाइफ्लेक्समध्ये ७५ मिलिमीटर नाभीय अंतराचे, एफ/३.५ छिद्राचे भिंग प्रचलित होते. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो. म्हणजे येथे छिद्र सुमारे २१ मिलिमीटर. अंक लहान तितके छिद्र मोठे, ही गोष्ट नवशिक्याला हमखास चकवते. मापपट्टीवरील ४, ५.६, ८, ११, १६, २२ या प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. ३.५ ते ४ ही मात्र पुरी पायरी नव्हे. भिंगाचे महत्तम छिद्र जेथे येईल तेथून पट्टी सुरू होते. छिद्र पूर्ण उघडल्यास प्रकाश अधिक मिळतो, पण स्पष्टतेची खोली घटते. लहान केल्यास शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते आणि हलणारा हात पुसट उमटतो. न बसवलेल्या माणसाच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते.

कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा करणारे गांधी हे त्यांचे सेवाग्राममधील विशेष प्रसिद्ध छायाचित्र आहे. १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या अंतसमयी छायाचित्र घेण्यास मात्र गांधींनी त्यांना मनाई केली.

त्याच वर्षी त्यांचा आभा चॅटर्जी यांच्याशी विवाह झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधींची हत्या झाली तेव्हा आभा त्यांच्या शेजारी होत्या. कनू त्या वेळी नोआखालीत होते. पुढे हे दांपत्य राजकोट परिसरात रचनात्मक कार्यात रमले. त्यांच्या छायाचित्रांचा ‘कनूज गांधी’ हा संग्रह २०१५ मध्ये, मृत्यूनंतर जवळपास तीन दशकांनी, प्रसिद्ध झाला.