लहान चणीचा मोठा पहिलवान

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कुस्तीचा फड पाहिला असेल. महाराष्ट्रात जत्रेला आणि उरुसाला गावोगावी कुस्त्या होतात. हौद्यात लाल माती असते. हलगी वाजत असते. दोन पहिलवान समोरासमोर येतात, सलामी देतात आणि एकमेकांना भिडतात. त्यांतला एक उंच व धिप्पाड असेल आणि दुसरा बुटका व हलका असेल, तर तुम्हांला काय वाटते? कोण जिंकेल? बहुतेक लोक धिप्पाड पहिलवानाचे नाव घेतील. पण नेहमी तसेच घडते का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका थोर पहिलवानाच्या जीवनाची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी झाला. हे गाव कराडजवळ आहे. त्यांचे वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पहिलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात कुस्तीचीच हवा होती. वडिलांनी त्यांना लहानपणीच आखाड्यात उतरवले. जोर काढणे, बैठका मारणे, मातीत मेहनत करणे, हा त्यांचा रोजचा नेम झाला. शिक्षण मात्र त्यांनी सोडले नाही. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये ते शिकले. 1942 साली छोडो भारत चळवळ सुरू झाली, तेव्हा शाळकरी खाशाबांनीही त्या कामात भाग घेतला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले.

कोल्हापूर म्हणजे पहिलवानांचे माहेरघर. तेथे मोठमोठ्या तालमी होत्या. भरदार छातीचे, उंचपुरे मल्ल तेथे मेहनत करत. त्यांच्यात खाशाबा लहानखुरे दिसत. त्यांची उंची साडेपाच फुटांच्या आसपास होती आणि वजनही बेताचेच होते. पण त्यांच्या अंगात विजेसारखी चपळाई होती. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरायची, आपले अंग झटकन वळवायचे आणि त्याला पाठीवर आपटायचे, असा हा डाव आहे. यात नुसती ताकद पुरत नाही. प्रतिस्पर्धी ज्या बाजूला झुकतो, त्याच बाजूला त्याला ओढावे लागते. म्हणजे त्याचे वजन त्याच्याच विरुद्ध वापरावे लागते. ही कला खाशाबांनी मेहनतीने कमावली.

येथे एक गोष्ट समजून घ्या. आपल्या मातीतल्या कुस्तीत पूर्वी वजनकाटा नसे. गावातील जाणती माणसे पहिलवानांकडे पाहून जोड लावत. पाठ मातीला लागली, म्हणजे पहिलवान चीतपट झाला. ऑलिंपिकमध्ये मात्र तसे चालत नाही. तेथे प्रत्येक पहिलवानाचे वजन करतात आणि जवळजवळ सारख्या वजनाच्या पहिलवानांतच कुस्ती लावतात. 1952 च्या ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीचे आठ गट होते. सर्वांत हलका गट 52 किलोंचा होता. सर्वांत वरचा गट 87 किलोंहून अधिक वजनाच्या मल्लांचा होता. असे गट का केले? कारण उघड आहे. दोघांचे कसब सारखे असेल, तर जास्त वजनाचा माणूस वरचढ ठरतो. तो अंगावर रेलला, तर हलका माणूस लवकर थकतो. म्हणून आकाराला महत्त्व आहे, हे मान्य करावेच लागते.

1948 साली लंडन येथे ऑलिंपिक सामने झाले. खाशाबांची सर्वांत हलक्या गटात निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाच्या खर्चाला मदत केली. लंडनमध्ये माती नव्हती. कुस्ती गादीवर होती. मातीत पाय रोवता येतो, तसा गादीवर येत नाही. तेथे वेळ ठरलेली असते आणि गुण मोजले जातात. हे सारे खाशाबांना नवे होते. तरीही त्यांनी तेथे सहावा क्रमांक मिळवला. इराणचे मन्सूर रईसी यांच्याकडून ते हरले. दुसरा कोणी असता, तर सहाव्या क्रमांकावर समाधानी झाला असता. खाशाबा समाधानी नव्हते. आपण कशात कमी पडलो, याचा त्यांनी विचार केला आणि परत येताच नव्या जोमाने मेहनत सुरू केली. पुढची चार वर्षे त्यांनी गादीवरच्या कुस्तीची तयारी केली. त्यांचे वजनही थोडे वाढले होते. म्हणून आता ते 57 किलोंच्या गटात उतरणार होते. या गटात अधिक ताकदीचे मल्ल होते.

1952 चे ऑलिंपिक फिनलंडमधील हेलसिंकी शहरात व्हायचे होते. पण तेथे पोहोचणे सोपे नव्हते. निवडीच्या वेळी गुण देताना आपल्यावर अन्याय झाला, असे खाशाबांना वाटले. ते रडत बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती ठरली. तीत खाशाबांनी निरंजन दास यांना हरवले आणि आपली जागा मिळवली.

निवड झाली, पण पैसा कोठून आणायचा? प्रवासाचा खर्च स्वतः करावा लागणार होता. सरकारकडून पुरेशी मदत मिळाली नाही. तेव्हा गोळेश्वरचे गावकरी पुढे आले. शेतकऱ्यांनी आणि दुकानदारांनी जमेल तशी वर्गणी दिली. तरी रक्कम अपुरीच होती. शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. विचार करा, एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यासाठी केवढी जोखीम पत्करली! खाशाबा हेलसिंकीला निघाले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर गावाचा विश्वास होता आणि गुरुजींच्या घराचा भारही होता.

हेलसिंकीत खाशाबांनी धडाक्याने सुरुवात केली. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरवले. नंतर त्यांची गाठ जपानचे शोहाची इशी यांच्याशी पडली. ही कुस्ती पूर्ण वेळ चालली. दोघेही घामाघूम झाले. अखेर इशी विजयी ठरले. पुढे सुवर्णपदकही त्यांनाच मिळाले. कुस्ती संपवून खाशाबा बाजूला होतात न होतात, तोच त्यांना लगेच दुसऱ्या कुस्तीसाठी बोलावले गेले. समोर सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव होते. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण त्या वेळी खाशाबांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा गादीवर गेले आणि हरले. तरीही 23 जुलै 1952 रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बळावर मिळवलेले ते पहिले पदक होते. आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदके जिंकली होती, पण ती संघाची होती.

खाशाबा परत आले, तेव्हा कराडच्या स्टेशनावर माणसांचा पूर लोटला. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल वाजले, फटाके उडाले. या आनंदातही खाशाबा एक गोष्ट विसरले नाहीत. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली. त्यांतून आलेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवले. त्यानंतरच त्यांच्या मनावरचा भार उतरला. आखाड्यातील विजयाइतकाच हाही विजय मोठा नव्हे काय?

आता पुन्हा आपल्या पहिल्या प्रश्नाकडे या. खाशाबांना लोक पॉकेट डायनॅमो म्हणत, म्हणजे खिशात मावेल असे वीजयंत्र. लहान शरीरात केवढी शक्ती असू शकते, हे त्या नावातून कळते. पण लहान शरीराचा पहिलवान मोठ्या शरीराच्या पहिलवानाला खरोखर हरवू शकतो का? जगातील काही उदाहरणे पाहा.

गामा पहिलवानांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांची उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास होती. 1910 साली ते लंडनला गेले. तेथे त्यांची कुस्ती पोलंडचे धिप्पाड मल्ल झ्बिस्को यांच्याशी झाली. झ्बिस्को उभे राहायलाच तयार नव्हते. अडीच तासांहून अधिक वेळ ते गादीला चिकटून राहिले. शेवटी निकाल लागला नाही. पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा झ्बिस्को आलेच नाहीत. 1928 मध्ये पतियाळा येथे दोघे पुन्हा भेटले. या वेळी गामांनी त्यांना एका मिनिटाच्या आत चीत केले.

मुष्टियुद्धातही असेच दिसते. 1934 साली जगज्जेते प्रिमो कार्नेरा सुमारे 119 किलो वजनाचे होते. मॅक्स बेअर त्यांच्यापेक्षा कितीतरी हलके होते. तरी बेअर यांनी त्यांना पुन्हा पुन्हा खाली पाडले आणि अजिंक्यपद मिळवले. खाशाबांनी पदक जिंकले, त्यानंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेचे रॉकी मार्सियानो हेवीवेट गटाचे जगज्जेते झाले. त्यांचे वजन अवघे 84 किलोंच्या आसपास होते. आज व्यावसायिक मुष्टियुद्धात हेवीवेट गट 90 किलोंच्या पुढे सुरू होतो. म्हणजे मार्सियानो आज खालच्या गटात बसले असते! मधल्या काळात खेळाडूंचा आहार, व्यायाम आणि उंची वाढली. म्हणून आजचे हेवीवेट खेळाडू पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठे दिसतात. तरीही 2024 साली युक्रेनचे ओलेक्सांद्र उसिक यांनी टायसन फ्युरी यांना हरवले. फ्युरी त्यांच्याहून उंच होते आणि वजनानेही सुमारे 17 किलोंनी जास्त होते.

यावरून काय समजते? मोठे शरीर हे एक साधन आहे. ज्याच्याजवळ ते आहे, त्याला फायदा होतो. पण साधन वापरणारे डोके, दम, चपळाई आणि मेहनत नसेल, तर ते साधन वाया जाते. ज्याच्याजवळ ते नाही, त्याने दुसरी साधने कमवावी लागतात. खाशाबांनी तेच केले.

त्यांचे पुढचे आयुष्य मात्र सुखाचे गेले नाही. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना पुन्हा ऑलिंपिकला जाता आले नाही. 1955 मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. तेथे त्यांना बढतीसाठी फार वर्षे वाट पाहावी लागली. शेवटी ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. ते हयात असेपर्यंत देशाने त्यांची पुरेशी कदर केली नाही. त्यांच्यानंतर भारताला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळायला 44 वर्षे लागली. 1996 मध्ये टेनिसपटू लिअँडर पेस यांनी ते मिळवले. मग लोकांना खाशाबांचे मोठेपण नव्याने कळले. त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार देण्यात आला. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले गेले. 15 जानेवारी, म्हणजे त्यांचा जन्मदिवस, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

मित्रांनो, आपल्या छत्रपती संभाजीनगरातही तालमी आहेत, मैदाने आहेत आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. तुमच्यापैकी कोणी उंच असेल, कोणी बुटका, कोणी सडपातळ. ते आपल्या हातात नसते. पहाटे उठून मैदानावर जाणे, हरल्यावर चूक शोधणे, अन्याय झाला तर धीराने दाद मागणे आणि आपल्यासाठी झळ सोसणाऱ्यांचे ऋण फेडणे, हे मात्र आपल्या हातात असते. खाशाबांचे मोठेपण यातच होते, आणि ते कोणत्याही वजनकाट्यावर मोजता येत नाही.